पाठभेद आणि प्रतिपिंड

वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या १८व्या राज्यवर्षातले दोन ताम्रपट आपल्याला ठाऊक आहेत. एक अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा, दुसरा सीमेपलीकडच्या सिवनीचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर सुरुवातीचा मोठा भाग जवळजवळ शब्दशः एकच आहे. पहिल्या प्रवरसेनाने केलेले अग्निष्टोम, आप्तोर्याम आणि चार अश्वमेध. भारशिवांच्या भवनागाचा दौहित्र रुद्रसेन. मग पृथिवीषेण, दुसरा रुद्रसेन आणि देवगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता. वंशावळ संपते आणि पाठ फुटतो. चम्मकच्या पटात चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिले आहे, तर सिवनीच्या पटात ब्रह्मपूरक हे गाव देवशर्मा नावाच्या एकाच ब्राह्मणाला. राजाच्या दफ्तरात एक ठरलेला मसुदा होता आणि गाव, दान घेणारा, तिथी एवढेच दरवेळी नवे भरले जात होते, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र संपादून १९६३ साली प्रसिद्ध केले. तो ग्रंथ सलग वाचताना तीच वंशावळ पुन्हा पुन्हा येते आणि कंटाळा येतो. माझ्या मते तो कंटाळाच पुरावा आहे.

मी शिलालेखांच्या वाटेने प्रथिनांकडे आलो, तेही कोणत्याही पदवीच्या आधाराशिवाय, म्हणून मला पुढची हकिगत अशाच भाषेत कळली. १९६५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलरमध्ये नॉर्बर्ट हिलशमन आणि लायमन क्रेग यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णांकडून मिळालेली दोन प्रथिने शेजारी ठेवली. प्रत्येकाची लांबी सुमारे २१४ अमिनो आम्लांची. प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. वीस अक्षरांच्या वर्णमालेत लिहिलेला एकच लांब शब्द म्हणा. या दोन शब्दांचा उत्तरार्ध जवळजवळ एकसारखा होता. पूर्वार्धात मात्र जागोजागी अक्षरे बदललेली. ताम्रपटात स्थिर भाग आधी आणि बदलता भाग नंतर येतो, इथे उलट. बाकी मामला तोच होता.

ही प्रथिने आली कुठून, हेही सांगायला हवे, कारण त्यावाचून हे काम झालेच नसते. १८४५ साली लंडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीत विचित्र पदार्थ सापडला. लघवी तापवली की तो साकळायचा, आणखी उकळली की विरघळायचा, निवली की पुन्हा साकळायचा. हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरने त्याचा अभ्यास केला आणि त्या प्रथिनाला त्याचे नाव चिकटले. रुग्णाला मज्जेचा कर्करोग होता, ज्याला आज मायलोमा म्हणतात. त्या पदार्थाचे खरे रूप कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली. १९६२ साली जेराल्ड एडलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवले की हा पदार्थ म्हणजे प्रतिपिंडाचीच एक सुटी साखळी आहे. जंतूंना ओळखून धरणारी जी प्रथिने आपल्या रक्तात असतात ती प्रतिपिंडे. प्रत्येक प्रतिपिंडात दोन हलक्या आणि दोन जड साखळ्या असतात. निरोगी माणसाच्या रक्तात असंख्य वेगवेगळी प्रतिपिंडे मिसळलेली असतात. त्या गर्दीतून एकाची अक्षरे वाचणे त्या काळी अशक्य होते. मायलोमात एकच पेशी बेसुमार वाढते आणि एकाच पाठाच्या कोट्यवधी प्रती लघवीत सोडते. ज्या रोगाने माणसे गेली त्याच रोगाने शास्त्रज्ञांना शुद्ध प्रत पुरवली. अशा रुग्णांची नावे त्या शोधनिबंधांत दोन-तीन अक्षरांच्या खुणांपुरती उरली आहेत.

पूर्वार्धात बदल सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. १९७० साली ताइ ते वू आणि एल्विन काबात यांनी तोवर वाचलेल्या हलक्या साखळ्या एकाखाली एक मांडल्या, प्रत्येक स्थानी किती वेगवेगळी अक्षरे येतात ते मोजले, आणि फक्त तीन पट्ट्यांत उंच टोके उठलेली दिसली. तिथेच प्रतिपिंड जंतूला स्पर्श करत असणार, असे त्यांनी म्हटले, आणि पुढे स्फटिकांच्या अभ्यासातून ते खरे ठरले. प्रयोगशाळेत काहीही न करता, केवळ अक्षरे मोजून, रेणूचा हात कुठे आहे हे सांगता आले. मला हा निबंध फार आवडतो. ताम्रपटांतही हेच करता येईल: जिथे पाठ सर्वांत अस्थिर, तिथे गावाचे नाव.

आता मूळ प्रश्नाकडे. ही माळ आली कुठून?

१९६६ साली ड्यूक विद्यापीठातल्या रॉबर्ट हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच तुलना केली. दोन साखळ्या एकमेकींशी ताडण्याऐवजी त्यांनी साखळीचा एक तुकडा त्याच साखळीच्या दुसऱ्या तुकड्याशी आणि हलक्या साखळीशी ताडला. साम्य निघाले. मग त्यांनी मांडले की सुमारे शंभर-एकशेदहा अमिनो आम्लांचे एक छोटे आद्य प्रथिन असावे, त्याच्या जनुकाची नक्कल होत गेली असावी आणि त्या नकला एकापुढे एक जोडल्या जाऊन प्रतिपिंडाच्या लांब साखळ्या तयार झाल्या असाव्यात. कॅलिफोर्नियात सिंगर आणि डूलिटल यांनीही त्याच वर्षी अशाच दिशेचा विचार प्रसिद्ध केला. १९६९ साली एडलमन यांच्या गटाने एका संपूर्ण प्रतिपिंडाची सगळी अक्षरे वाचली तेव्हा हे उघड झाले. हलक्या साखळीत असे दोन खंड, जड साखळीत चार. दोन्ही जोड्या मिळून बारा. शास्त्रज्ञ याला डोमेन म्हणतात, मी इथे खंड म्हणतो. बारा कडव्यांचे एक गाणे, ज्यात प्रत्येक कडवे पहिल्याच कडव्याचे कुणीतरी बदलत नेलेले रूप आहे.

१९६६ हे वर्ष मराठी वाचकाला दुसऱ्या कारणासाठी आठवायला हवे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती त्या वर्षी पूर्ण झाली. १,२५९ हस्तलिखिते ताडली गेली. १९२५पासून या कामाची सूत्रे विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या हाती होती. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकले होते, नंतर बर्लिनला संस्कृताकडे वळले. चौकटी आखलेल्या कागदावर वर प्रचलित पाठ अक्षरशः मांडायचा आणि खाली प्रत्येक पोथीतले फरक त्या त्या अक्षराच्या घरात भरायचे, अशी तिथली पद्धत होती. आज संगणकावर प्रथिने ताडताना जो तक्ता समोर येतो तो नेमका हाच आहे. फक्त पोथीच्या जागी प्राणी आणि अक्षराच्या जागी अमिनो आम्ल. हे साम्य वरवरचे नाही. प्रत करताना चूक होते, ती चूक पुढच्या प्रतीत उतरते, आणि म्हणून चुकांवरून वंश काढता येतो, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. सुकथनकरांच्या १९३३च्या प्रस्तावनेत ते जितके स्वच्छ मांडले आहे तितके स्वच्छ मला जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडले.

त्या प्रस्तावनेतून शिकण्यासारखी एक गोष्ट अशी: दोन पोथ्यांत शुद्ध पाठ सारखा असला तर त्याने नाते सिद्ध होत नाही. शुद्ध पाठ कुणालाही सापडू शकतो, व्याकरण आणि वृत्त त्याला तिथे नेतात. नाते सिद्ध होते ते कारण नसताना सारख्या असलेल्या पाठांवरून. ही कसोटी प्रतिपिंडांना लावून पाहू.

उदाहरण म्हणून बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन घेतो. १९६८ साली बेर्गगोर्ड आणि बर्न यांनी मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णांच्या लघवीतून हे लहानसे प्रथिन वेगळे केले. (लघवीने या शास्त्रावर केलेले उपकार मोठे आहेत.) त्याचे काम काय ते तेव्हा माहीत नव्हते. १९७२ साली एडलमन यांच्याच गटातल्या पीटरसन आणि कनिंगहॅम यांनी बेर्गगोर्ड यांच्यासह त्याची अक्षरे वाचून जाहीर केली आणि लक्षात आले की हा प्रतिपिंडाचा एक सुटा, मोकळा फिरणारा खंड आहे. लांबी ९९. प्रतिपिंडाच्या खंडात दोन सिस्टीन ठरावीक अंतरावर येतात आणि एकमेकांना बांधून माळेला गाठ मारतात. इथेही २५व्या आणि ८०व्या जागी दोन सिस्टीन आहेत.

पहिल्या सिस्टीनपासून पंधरा अक्षरे घेऊ. पहिली ओळ जड साखळीच्या शेवटच्या खंडाची, दुसरी बीटा-टूची, तिसरी हलक्या साखळीच्या स्थिर खंडाची. नावे आखूड केली आहेत.

सिस – ल्यु – व्हॅल – लाय – ग्लाय – फेन – टाय – प्रो – सेर – अ‍ॅस्प – आयसो – अ‍ॅल – व्हॅल – ग्लुट – ट्रिप

सिस – टाय – व्हॅल – सेर – ग्लाय – फेन – हिस – प्रो – सेर – अ‍ॅस्प – आयसो – ग्लुट – व्हॅल – अ‍ॅस्प – ल्यु

सिस – ल्यु – ल्यु – अ‍ॅस्पॅरा – अ‍ॅस्पॅरा – फेन – टाय – प्रो – आर्ज – ग्लुट – अ‍ॅल – लाय – व्हॅल – ग्लुटामिन – ट्रिप

पहिल्या दोन ओळींत पंधरापैकी नऊ जागा जुळतात. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत सात. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत फक्त चार. आता सुकथनकरांची कसोटी. सिस्टीन जुळणे फारसे बोलके नाही. ते नसेल तर गाठच बसणार नाही, म्हणजे तो शुद्ध पाठ आहे. पण प्रो-सेर-अ‍ॅस्प-आयसो ही चौकडी पाहा. ती असायलाच हवी असे नाही, कारण तिसऱ्या ओळीत त्या ठिकाणी प्रो-आर्ज-ग्लुट-अ‍ॅल आहे आणि तो खंडही उत्तम घडी घेतो. तरीही पहिल्या दोघांत ती तशीच्या तशी आहे. हा कारण नसताना जुळणारा पाठ. उलट ट्रिप्टोफॅन, जो या कुळाची खूण मानला जातो, तो बीटा-टूमधून गळून त्या जागी ल्युसिन आले आहे. असा गळालेला शब्दही काही सांगतो: साखळीने ही जागा अगदीच धरून ठेवायला हवी होती असे नव्हते.

दुसऱ्या सिस्टीनपाशी तर तिन्ही ओळी एकत्र येतात. सिस्टीन, मग एक कुठलेही अक्षर, मग व्हॅलिन, मग कुठलेही, मग हिस्टिडीन, मग कुठलीही दोन, मग ल्युसिन. ही चार जागांची खूण तिघांतही आहे. वीस अक्षरांतून चार ठरावीक जागी ठरावीक अक्षरे निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता ढोबळ हिशेबाने १,६०,००० त एक. हा हिशेब ढोबळच समजावा. सगळी अक्षरे सारख्या प्रमाणात वापरली जात नाहीत आणि आपण साम्य असलेलीच जागा निवडून मोजली आहे. तरी एवढ्यावर मी यांना भाऊबंद म्हणायला तयार आहे. आज मायलोमाच्या रुग्णाच्या तपासण्यांत हलक्या साखळ्या मोजतात आणि रोग किती पुढे गेला हे ठरवायला बीटा-टूही मोजतात. एकाच कागदावर दोन चुलतभावांची नावे असतात.

एकदा ही खूण ओळखता आली की ती नको तिथे दिसू लागली, आणि हकिगतीला खरी कलाटणी इथे मिळते. १९८२ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅलन विल्यम्स आणि ज्याँ गॅन्यों यांनी थाय-वन या प्रथिनाची १११ अक्षरे प्रसिद्ध केली. ते थायमस ग्रंथीच्या पेशींवर असते, त्याचबरोबर मेंदूच्या पेशींवरही भरपूर असते. आणि ते प्रतिपिंडाच्या कुळातले निघाले. मेंदूत जंतूंशी झगडणाऱ्या रेणूचे काय काम? पाच वर्षांनी एडलमन यांच्या गटाने चेतापेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारे एक प्रथिन वाचले आणि त्यातही असेच पाच खंड एकापुढे एक सापडले. एडलमन प्रतिपिंडांचे काम सोडून गर्भाच्या घडणीकडे वळले होते. सोडलेलेच दार फिरून समोर यावे तसे झाले. त्यांनी नाते उलटे मांडले: पेशींना एकमेकींशी बांधणारी प्रथिने आधीची, आणि रोगप्रतिकाराने तोच खंड नंतर उसना घेतला. हे मत मला आजही पटते. कारण हे खंड अशा प्राण्यांतही आहेत ज्यांना प्रतिपिंडे मुळीच नाहीत. स्पंजात आहेत. सेक्रोपिया नावाच्या पतंगात जिवाणूंना चिकटणारे असे एक प्रथिन १९९० साली सापडले. हा पतंग आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या टसर पतंगाच्याच कुळातला. प्रतिपिंडे मात्र फक्त जबडा असलेल्या कण्याच्या प्राण्यांत, शार्क माशापासून पुढे. म्हणजे वस्तू जुनी आणि तिचा हा उपयोग नवा.

मग प्रतिपिंडात नवे काय आहे? सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ साली दाखवले की पूर्वार्ध आणि उत्तरार्धाचे जनुकांश गर्भावस्थेत दूर असतात आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत कापून जोडले जातात. हे कापणारे हत्यार, रॅग नावाची जोडी, १९८९-९० मध्ये सापडले. १९९८ साली अलका अग्रवाल, क्विन ईस्टमन आणि डेव्हिड शॅट्झ यांनी परीक्षानळीत दाखवले की हे हत्यार स्वतःचा तुकडा उचलून दुसरीकडे घुसवू शकते, म्हणजे ते मुळात उड्या मारणाऱ्या परोपजीवी जनुकाचे होते. २०१६ साली अ‍ॅम्फिऑक्सस या चिमुकल्या समुद्री प्राण्यात त्याचा जिवंत नातेवाईक मिळाला. पोथीच्या भाषेत हा प्रक्षेप. भांडारकरांच्या संपादकांनी ब्रह्मदेव आणि गणपतीचा प्रसंग परिशिष्टात टाकला, कारण तो मूळ पाठात नव्हता. निसर्गाने मात्र प्रक्षेप ठेवून घेतला आणि त्याच्यावर सगळी रोगप्रतिकाराची इमारत उभी केली.

अक्षरे मागे कुठवर नेतात, यालाही हद्द आहे. १९८९ साली एका आतड्यातल्या जिवाणूच्या प्रथिनाची घडी स्फटिकातून दिसली आणि ती प्रतिपिंडाच्या खंडासारखीच होती, दोन पापुद्रे एकमेकांवर ठेवलेली. पण अक्षरांत काहीच साम्य नव्हते. काही अभ्यासक अशा सगळ्या घड्यांना एकाच मूळ पुरुषाकडे नेतात. मी नेणार नाही. पापुद्रा घालायच्या वाटा निसर्गाकडे मोजक्याच आहेत. दोन सुगरणींच्या पुरणपोळ्या सारख्या दिसल्या म्हणून एकीने दुसरीकडून कृती घेतली असे होत नाही. जिथे अक्षरे मुकी होतात तिथे वंशवृक्षाची फांदी तुटक रेषेने काढावी, एवढेच.

ही पद्धत उलट्या दिशेने वापरण्याचा प्रयत्न पुण्यातच झाला. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तिथले अशोक कोळस्कर यांनी पूर्वी जी. एन. रामचंद्रन यांच्याबरोबर पेप्टाइडच्या घडणीवर काम केले होते. त्यांनी आणि प्रसाद तोंगावकर यांनी १९९० साली तीन पानांचा एक निबंध लिहिला. प्रश्न असा: जंतूच्या प्रथिनाची अक्षरे समोर असतील तर प्रतिपिंड त्याला कुठे धरेल, हे सांगता येईल का? प्रयोगांतून ठाऊक असलेल्या जागा त्यांनी ताडल्या आणि सिस्टीन, ल्युसिन, व्हॅलिन ही पाणी टाळणारी अक्षरे पृष्ठभागावर आली तर अशा जागी असण्याची शक्यता जास्त, असे त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी एकच आकडा वापरणारी सोपी पद्धत बसवली आणि सुमारे ७५ टक्के अचूकतेचा दावा केला. ही पद्धत जगभर वापरली गेली, आजही जागतिक माहितीकोशांच्या साधनांत या दोन मराठी आडनावांनीच ती दिलेली असते. लसीसाठी तुकडा निवडणाऱ्या हजारो विद्यार्थ्यांनी ती बटणासारखी दाबली आहे.

२००५ साली ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी अक्षरांच्या गुणधर्मांवर चालणाऱ्या जवळजवळ ५०० मोजपट्ट्या तपासल्या आणि निष्कर्ष कडू निघाला: त्यांतल्या चांगल्याही योगायोगापेक्षा थोड्याच बऱ्या. याचा अर्थ पुण्याचे काम वाया गेले असा मी लावत नाही. वंश आणि स्पर्श या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंश ओळीत लिहिलेला असतो, एकापुढे एक. प्रतिपिंड मात्र ओळ वाचत नाही. ते घडी घातलेल्या प्रथिनाला बाहेरून पकडते, आणि ओळीत दूर असलेली दहावे आणि ऐंशीवे अक्षर घडीत शेजारी येऊन बसलेली असतात. पोथीचा कागद चुरगाळला तर पहिल्या आणि शेवटच्या श्लोकाची शाई एकमेकांना लागावी, तसे. ओळीचा सरासरी आकडा या शेजाराबद्दल बोलू शकत नाही.

हे पुण्यात कुणाला कळले नव्हते असे नाही. १९९९ साली कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची त्रिमितीय प्रतिकृती बांधली आणि स्पर्शाच्या जागा ओळीवर नव्हे तर त्या घडीवर नोंदवल्या. २००५ साली, म्हणजे ब्लाइथ-फ्लॉवरचा निबंध आला त्याच वर्षी, कुलकर्णी-काळे, भोसले आणि कोळस्कर यांनी घडीवरूनच अशा जागा शोधणारी संगणकसेवा सर्वांसाठी खुली केली. तिला प्रथिनाची नुसती अक्षरे देऊन चालत नाही. प्रत्येक अणू अवकाशात कुठे आहे तेही द्यावे लागते.